कोकोचं पोतं, काजूची गोण

घानामध्ये कोकोचा हिशोब पोत्यावर होतो. भरलेलं पोतं 64 किलोचं, आणि अशी 16 पोती झाली की साधारण एक टन. एका पोत्यासाठी साधारण दीड हजार फळं झाडावरून उतरवावी लागतात. फळ कोयत्याने फोडायचं, आतला पांढरा बुळबुळीत गर बियांसकट केळीच्या पानांवर ओतायचा, वरून आणखी पानं झाकायची आणि सहा-सात दिवस आंबू द्यायचं. मध्ये दोनदा ढीग उलथायचा. मग चटईवर आठवडाभर उन्हात वाळवण, आणि आभाळ भरून आलं की धावत जाऊन सगळं झाकणं. चॉकलेटचा जो वास आपल्याला ओळखीचा आहे, त्याची सुरुवात या पानांखालच्या आठवड्यात होते. तिथे घाई केली, तर पुढे स्वित्झर्लंडचा कितीही मोठा कारागीर ती चव परत आणू शकत नाही.

एवढं झाल्यावर शेतकरी पोतं घेऊन गावातल्या खरेदी-कारकुनाकडे जातो. पोतं काट्यावर चढतं. कारकून काटा मारतो, ही तक्रार तिथेही आहे आणि तितकीच जुनी आहे. भावाची घासाघीस मात्र होत नाही, कारण भाव हंगामाच्या सुरुवातीलाच सरकारने जाहीर केलेला असतो आणि देशभर तोच चालतो.

"आफ्रिकेला जगभरातून एवढी मदत जाते, तरी ते देश गरीब कसे?" हा प्रश्न मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकला आहे, आणि विचारणारा त्याचं उत्तरही बरोबर घेऊन येतो: भ्रष्टाचार, आळस, लोकसंख्या. आफ्रिकेत 54 देश आहेत. बोत्स्वाना आणि बुरुंडी यांना एकच उत्तर लावणं म्हणजे जपान आणि नेपाळला एकच उत्तर लावण्यासारखं आहे. म्हणून मी इथे एकच देश घेते, घाना, आणि त्यातही एकच पीक. व्यापार, मदत आणि विषमता हे तीन मोठे शब्द एका पोत्यात कसे भरलेले असतात, ते त्यातून बऱ्यापैकी दिसतं.

आधी शेतकऱ्याची पट्टी मांडू. समजा त्याच्याकडे तीन हेक्टर बाग आहे, म्हणजे साडेसात एकर. घानामध्ये हेक्टरी उतारा साधारण 400 ते 500 किलो पडतो. म्हणजे वर्षाला वीस पोती. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने टनाला 20,943 सेडी (सेडी हे घानाचं चलन) भाव जाहीर केला. पोत्याला 1,309 सेडी. वीस पोत्यांचे झाले 26 हजार सेडी, तेव्हाच्या दराने सुमारे 2,300 डॉलर, आपले 1 लाख 90 हजार रुपये. यातून खत, फवारणी, मजुरी, मुलांच्या शाळा आणि सहा-सात माणसांचं वर्षभराचं जेवण. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात टनाचा भाव साडेतीन हजार डॉलरच्या वर होता. घानाच्या शेतकऱ्याला 1,837 मिळत होते.

आता खरी गोष्ट सुरू होते. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्कचा भाव दहा हजार डॉलरच्या पार गेला आणि त्या डिसेंबरात बारा हजारांवर. कोकोच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. मग घानाचा शेतकरी श्रीमंत झाला का? एप्रिल 2024 मध्ये सरकारने भाव वाढवला तो टनाला 33,120 सेडी, म्हणजे जेमतेम अडीच हजार डॉलर. बाजार दहा हजारांवर आणि हातात अडीच हजार. मधले साडेसात हजार कुणी खाल्ले?

पंगतीतलं उत्तर तयार असतं: पुढाऱ्यांनी. खरं उत्तर कंटाळवाणं आहे, पण समजून घेण्यासारखं आहे. ते बरेचसे पैसे कुणीच खाल्ले नाहीत, कारण ते घानाला मिळालेच नव्हते.

घानाचा कोको देशाबाहेर विकण्याचा अधिकार कोकोबोर्डाकडे आहे. हे बोर्ड पिकाचा सुमारे 70 टक्के भाग वर्षभर आधीच, झाडाला फूल यायच्या आत, ठरलेल्या भावाने विकून टाकतं. त्या सौद्यांची कागदपत्रं तारण ठेवून दर सप्टेंबरात परदेशी बँकांच्या गटाकडून कर्ज घ्यायचं आणि त्या रोकडीतून शेतकऱ्याचे पैसे द्यायचे, अशी पद्धत तीस वर्षं चालली. एका अर्थी ही देशानेच घेतलेली उचल. उचल घेतलेल्या माणसाला भाव वाढल्यावर काय वाटतं, ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. भाव पडला तर ही पद्धत शेतकऱ्याला वाचवते. भाव चढला तर माल जुन्याच भावाने द्यावा लागतो.

आणि 2023-24 मध्ये माल द्यायलाही नव्हता. 2020-21 मध्ये दहा लाख टनांच्या वर गेलेलं पीक जवळपास निम्म्यावर आलं. झाडाच्या फांद्या सुजवून त्याला हळूहळू मारणारा विषाणू, बेभरवशाचा पाऊस, आणि सोनं. घानामध्ये बेकायदा सोनं खणण्याला 'गलामसे' म्हणतात. खाणवाला येतो, बागेच्या मालकाला रोख रक्कम देतो, जी कोकोतून दहा वर्षांत मिळणार नाही, आणि बाग उकरून टाकतो. नंतर तिथे चिखलाची तळी उरतात. त्या मालकाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. शेवटी तीन लाख टनांहून जास्त माल जुन्या भावाच्या सौद्यांत द्यायचा बाकी राहिला, आणि पुढचं पीक आलं तेव्हा बाजार तेजीत असताना तो माल जुन्या भावाने भरावा लागला. तेजीचं कारण टंचाई, टंचाई घानातलीच, आणि तेजीचा फायदा नेमका घानाला नाही.

जे पीक होतं त्यातलंही बरंचसं रात्री मोटरसायकलवरून शेजारच्या टोगो आणि कोत द'ईव्हारमध्ये (म्हणजे आयव्हरी कोस्टमध्ये) गेलं, कारण तिकडे भाव बरा होता. विदर्भातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडे 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा महाराष्ट्रातला कापूस सरकारलाच घालायचा असा नियम होता. शेजारच्या राज्यात भाव चढला की गाड्या रातोरात सीमा ओलांडायच्या. हंगाम बदलला की उलटही व्हायचं.

बोर्ड मुळात आलं कुठून? कोको हे घानाचं मूळ पीक नाही. 1879 मध्ये टेटे क्वार्शी नावाचा लोहार फर्नांडो पो बेटावरून बिया घेऊन आला आणि त्याने त्या अक्वापिमच्या डोंगरात लावल्या. पुढच्या तीसेक वर्षांत तेव्हाचा गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, जगातला सर्वांत मोठा कोको उत्पादक झाला, आणि तोसुद्धा इंग्रजांच्या मळ्यांमुळे नाही. छोट्या शेतकऱ्यांनी पैसे जमवून, जंगल विकत घेऊन, स्वतःच्या हिमतीवर हे केलं. आफ्रिकन शेतकऱ्याला व्यापार समजत नाही असं म्हणणाऱ्याला एवढी एकच गोष्ट सांगावी. 1937 मध्ये युरोपीय कंपन्यांनी आपसात ठरवून भाव पाडला, तेव्हा या शेतकऱ्यांनी अख्खा हंगाम माल घातला नाही. परदेशी कापडही घेणं बंद केलं. लंडनला चौकशी आयोग नेमावा लागला.

त्यानंतर 1947 मध्ये सरकारी खरेदी मंडळ आलं. हेतू सांगितला होता चांगला: तेजीत थोडे पैसे बाजूला ठेवायचे, मंदीत शेतकऱ्याला द्यायचे. तेजी आली, पैसे बाजूला पडले, आणि ते लंडनमध्ये इंग्रज सरकारच्या कर्जरोख्यांत गुंतवले गेले. महायुद्धाने कंगाल झालेल्या ब्रिटनला गोल्ड कोस्टच्या शेतकऱ्याने स्वस्तात कर्ज दिलं, आणि त्याला ते कुणी विचारलंही नाही. मदत कोणत्या दिशेने वाहते, या प्रश्नाचं उत्तर वर्षागणिक बदलतं ते असं.

6 मार्च 1957 ला घाना स्वतंत्र झाला. स्वतंत्र घानाचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा यांनी हाच कोकोचा पैसा शाळा, रस्ते, धरणं आणि कारखान्यांत घातला. तोही शेतकऱ्याचाच पैसा होता, फक्त आता वापरणारं सरकार आपलं होतं. 1965 मध्ये जागतिक भाव कोसळला आणि 24 फेब्रुवारी 1966 ला लष्कराने एन्क्रुमांना हटवलं. पुढच्या सरकारांनी खर्च कमी केले नाहीत, शेतकऱ्याचा हिस्सा कमी केला. सेडीचा सरकारी दर कागदावर फुगवून ठेवलेला, त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात येणाऱ्या नोटांना किंमत नाही. लोकांनी झाडांकडे बघणं सोडलं. साठच्या दशकाच्या मध्यात साडेपाच लाख टन पिकवणारा देश 1983-84 मध्ये 1 लाख 59 हजार टनांवर आला. त्या वर्षी दुष्काळ आणि वणवेही होते, पण झाडं त्याआधीच सोडून दिलेली होती.

म्हणजे मंडळ वाईट आणि खुला बाजार चांगला? शेजारच्या कोत द'ईव्हारने हे करून पाहिलं. जागतिक बँकेच्या आग्रहाने त्यांनी 1999 मध्ये आपलं मंडळ मोडलं. खरेदी मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हातात गेली, भाव रोज वरखाली होऊ लागला, आणि बारा-तेरा वर्षांनी त्यांनी मंडळ पुन्हा उभं केलं. घानाने अर्धवट ऐकलं: गावातली खरेदी खाजगी केली, निर्यात हातात ठेवली. माझ्या मते घानाचंच शहाणपण जास्त होतं. 2025 मध्ये जागतिक भाव घसरत वर्षअखेरीस टनाला सहा हजार डॉलरच्या आसपास आला, तेव्हा ऑक्टोबरात घानाच्या शेतकऱ्याला पोत्यामागे 3,625 सेडी जाहीर झालेले होते. ढाल असायला हवी ती अशा वेळी. ती किती दिवस पेलवते, तो वेगळा प्रश्न.

चॉकलेटच्या वडीवर ग्राहक जे पैसे देतो, त्यातले सहा-सात टक्के शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात असा अंदाज सहसा दिला जातो. उरलेले दुकानदार, कंपनी, दळण करणारा, कर, जाहिरात यांच्यात जातात. हे ऐकलं की प्रत्येकाला सुचतं, मग घानानेच चॉकलेट का बनवू नये? बनवतात की. तेमा बंदराजवळच्या सरकारी कारखान्यात 'गोल्डन ट्री' चॉकलेट 1960 च्या दशकापासून बनतं, आणि ते राजधानी अक्राच्या उन्हात लगेच वितळू नये अशा बेताने केलेलं असतं. पण देशाचा बहुतेक कोको अजूनही बीच्या रूपात किंवा फार तर दळून बाहेर जातो.

याचं एक कारण नेहमी सांगितलं जातं ते म्हणजे श्रीमंत देशांची जकात. कच्ची बी फुकट येऊ द्यायची, दळलेल्या कोकोवर कर लावायचा, चॉकलेटवर आणखी जास्त. कच्च्या मालाला दार उघडं, पक्क्या मालाला उंबरठा. युरोपचं सर्वसाधारण दरपत्रक खरंच असं आहे. पण घानाला ते लागू नाही. युरोपशी झालेल्या करारामुळे घानाचा पक्का मालही तिथे करमुक्त जातो. तरीही कारखाने धावत आले नाहीत.

कारण कारखान्याचं गणित वेगळं असतं. बी मिळते मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च, यंत्रं मात्र बारा महिने चालवावी लागतात. म्हणजे सहा महिन्यांची बी आधी विकत घेऊन गोदामात ठेवायची, कर्ज काढून. 2023 मध्ये घानाच्या मध्यवर्ती बँकेचा मूळ व्याजदरच 30 टक्के होता. कारखानदाराला त्याहून महाग पडतो. ॲम्स्टरडॅममधला दळणवाला तीच बी कितीतरी स्वस्त व्याजाने साठवतो. शिवाय चॉकलेटमध्ये कोकोइतकंच दूध आणि साखर असते, आणि घानाला दूध पावडर व साखर दोन्ही आयात करावी लागते. माल विकायचा तर नाव हवं, आणि ज्या नावांवर लोक डोळे झाकून पैसे देतात ती नावं शंभर-दीडशे वर्षं जुनी आहेत. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं जे होतं, तेच.

2019 मध्ये घाना आणि कोत द'ईव्हार या दोघांनी मिळून एक डाव टाकला. जगातला सुमारे 60 टक्के कोको या दोघांचा. त्यांनी सांगितलं, बाजारभाव काहीही असो, टनामागे 400 डॉलर वेगळे द्यायचे, ते थेट शेतकऱ्याचे. कंपन्यांनी मान डोलावली आणि 400 डॉलर दिलेही. पण घानाच्या बीला तिच्या दर्जामुळे बाजारभावाच्या वर जो जादा भाव मिळत असे, तो हळूहळू खाली आणून शून्याच्याही खाली नेला. या खिशातून दिलं, त्या खिशातून काढलं. तेलवाल्या देशांना जे जमलं ते कोकोवाल्यांना जमत नाही, कारण तेल जमिनीखाली थांबतं. कोको थांबत नाही, त्याला बुरशी लागते. आणि शेतकरी तर त्याहून थांबू शकत नाही.

मदतीबद्दल बोलताना लोक ती एकच वस्तू असल्यासारखं बोलतात. व्होल्टा नदीवरचं अकोसोम्बो धरण 1960 च्या दशकात जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटनच्या कर्जाने झालं. 80 हजार लोकांना गावं सोडावी लागली. वीज मुख्यतः कुणाला? अमेरिकी कंपनीच्या ॲल्युमिनियम कारखान्याला, अतिशय स्वस्त दराने, दीर्घ मुदतीच्या करारावर. घानाकडे स्वतःचं बॉक्साइट आहे, पण तो कारखाना बाहेरून आणलेला कच्चा माल वितळवून धातू बाहेर पाठवायचा. नदी घानाची, धरण घानाच्या कर्जातलं, आणि साखळीची दोन्ही टोकं बाहेर. तरीही अकोसोम्बो आज घानाला वीज देतं, आणि ते नसतं तर बरं झालं असतं असं तिथे फारसं कुणी म्हणणार नाही.

दुसरा प्रकार म्हणजे संकटातलं कर्ज. यात पैशापेक्षा अटी महत्त्वाच्या. कोंबडीची गोष्ट घ्या. युरोपात लोकांना कोंबडीची छाती हवी असते. तंगड्या, पंख आणि पाठी उरतात, त्या गोठवून स्वस्तात आफ्रिकेला जातात. अक्राच्या बाजारात ही कोंबडी गावठी पोल्ट्रीपेक्षा स्वस्त पडते. तिथल्या पोल्ट्र्या बंद पडायला लागल्या, तेव्हा 2003 मध्ये संसदेने आयात कर 20 वरून 40 टक्के केला. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत हे बसत होतं. वसुली सुरू झाली, आणि थोड्याच दिवसांत सरकारने स्वतःच ती थांबवली. त्या वेळी नाणेनिधीशी कर्जाची बोलणी चालू होती आणि हे कर वाढवणार नाही असं सरकारने तिकडे कबूल केलं होतं. पोल्ट्रीवाले कोर्टात गेले, 2005 मध्ये जिंकले, आणि मग सरकारने तो कायदाच रद्द केला. निवडून दिलेल्या संसदेचा ठराव एका बाजूला आणि कर्जाचा हप्ता दुसऱ्या बाजूला. पुढे 2016 पासून पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामायिक दरपत्रकामुळे हा कर 35 टक्क्यांवर गेला, पण तोवर पोल्ट्रीचा धंदा मोडला होता. स्वस्त तंगडी मिळाली म्हणून शहरातला गरीब माणूस खूश होता, हेही खरं. अशा गोष्टीत एकच खलनायक सापडत नाही.

तिसरा प्रकार, औषधं, मच्छरदाण्या, लशी. याबद्दल कुत्सित बोलणाऱ्यांचा मला राग येतो. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने आपली परदेशी मदत अचानक गोठवली, तेव्हा घानाच्या अंदाजपत्रकात सुमारे 15 कोटी 60 लाख डॉलरचं भगदाड पडलं. त्यातला जवळपास निम्मा पैसा मलेरिया, बाळंतपण आणि एचआयव्हीच्या कामाचा होता. 'मदतीपलीकडचा घाना' ही घोषणा तिथे 2017 पासूनच दिली जात होती. ती दुसऱ्यानेच एका सहीनिशी अमलात आणावी, असं कुणाच्या मनात नव्हतं. आणि हा देश आधीच डिसेंबर 2022 मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवून बसलेला. महागाई 54 टक्के झालेली. 2023 मध्ये नाणेनिधीकडून 3 अब्ज डॉलरचा कार्यक्रम घेतलेला, सतरावा.

आता विषमता. आतापर्यंत 'शेतकरी' हा शब्द मी ज्या सरळपणे वापरला तो बरोबर नव्हता. बाग कुणाची आणि घाम कुणाचा, हे तिथेही वेगळं असतं. आपल्याकडे अर्धेलीने जमीन देतात तसं तिथे 'अबुनु' म्हणजे निम्मा वाटा आणि 'अबुसा' म्हणजे तिसरा हिस्सा. आधीपासून उभी बाग राखणाऱ्याला बहुधा अबुसा मिळतो. वर वीस पोत्यांचा जो हिशोब मांडला, त्यातली साडेसहा-सात पोतीच त्याची. हा राखणदार बऱ्याचदा उत्तरेकडून आलेला असतो.

उत्तर घाना कोरडा, गवताळ. इंग्रजांनी तिकडे रेल्वे नेली नाही, शाळा फारशा काढल्या नाहीत. दक्षिणेच्या खाणींना आणि बागांना मजूर पुरवणारा भाग म्हणूनच तो ठेवला. 2016-17 च्या सरकारी पाहणीत राजधानी अक्राच्या विभागात गरिबी होती अडीच टक्के. वायव्येच्या अप्पर वेस्ट विभागात 70.9 टक्के. एकाच देशात, एकाच झेंड्याखाली. देशाची एकूण गरिबी 1991-92 मधल्या पन्नासहून जास्त टक्क्यांवरून पंचवीस वर्षांत 23 टक्क्यांवर आली, हे मोठं यश होतं, पण ते नकाशावर सारखं पसरलं नाही. घाना आणि कोत द'ईव्हार या दोन देशांत मिळून 15 लाखांहून जास्त मुलं बागांमध्ये बालमजुरी करतात, असं 2020 मध्ये शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेच्या पाहणीत आढळलं. त्यातली बहुतेक आपल्याच घरच्या बागेत. मजूर लावायला पैसे नाहीत की पोरगं कोयता घेतं. चॉकलेटच्या वेष्टनावर प्रमाणपत्राचं बेडकाचं किंवा पानाचं चित्र छापून हे थांबत नाही. पोत्याला भाव बरा मिळाला तर थोडं थांबतं.

इथपर्यंत वाचताना आपण घानाच्या शेतकऱ्याच्या बाजूला उभं राहतो, ते सोपंही आहे. लासलगावला कांद्याचे ट्रॅक्टर उभे राहिलेले आपण पाहिलेत, निर्यातबंदी अनुभवली आहे, त्याचं दुःख आपल्याला भाषांतर न करता कळतं. पण एका पिकात आपण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो.

ते पीक म्हणजे काजू. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू गोव्यात आणला. पश्चिम आफ्रिकेत कोत द'ईव्हारच्या उत्तर भागात साठ-सत्तरच्या दशकांत तो लावला, तो मुख्यतः उजाड माळ हिरवे करायला. आज कच्ची काजू बी पिकवण्यात तो देश जगात पहिला आहे आणि घानाही मागे नाही. त्यातली बरीचशी बी फोडली जाते व्हिएतनाममध्ये आणि भारतात. सिंधुदुर्गात, आजरा-चंदगडला, गोव्यात कारखान्यांना गावची बी पुरत नाही; गोण्यांवर आबिजान किंवा तेमा बंदराचं नाव असतं. माझी मावशी अशाच एका कारखान्यात बी फोडायला बसायची. टरफलातल्या तेलाने हात भाजू नयेत म्हणून बोटांना राख नाहीतर गोडं तेल चोळून. "आमच्या बीपेक्षा ही बारीक," एवढंच तिला आफ्रिकेबद्दल माहीत होतं.

सौदा कसा होतो पाहा. गोणीतून किलोभर बी काढायची, मोजायची, अडकित्त्यासारख्या कातरीने एकेक कापायची, किडकी-काळी बाजूला, चांगला गर वजनात. 80 किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल, त्या आकड्यावर भाव ठरतो. 48 निघाला तर खुशी, 44 ला तोंड वाकडं. कातर कुणाच्या हातात? घेणाऱ्याच्या. कोकोत ती युरोपच्या हातात, इथे आपल्या आणि व्हिएतनामच्या.

जकातीचंही तसंच. 2018 च्या अर्थसंकल्पात भारताने कच्च्या काजू बीवरचा आयात कर 5 वरून अडीच टक्के केला. 2019 मध्ये काजूगरावरचा कर 45 वरून 70 टक्के. बी आणा, गर आणू नका. वर सांगितलेला तो उंबरठा, युरोपने कोकोच्या दारात घातलेल्यापेक्षा कितीतरी उंच, आपणच घातलेला आहे. घानात फोडलेला गर मुंबईच्या बाजारात यायचा तर तो ओलांडून यायला हवा. आपली बाजू नाही असं नाही: हा कर काढला तर मावशीसारख्या हजारो बायकांचं काम व्हिएतनामच्या यंत्रांकडे जाईल. आणि तिकडून बी स्वस्तात येते म्हणून सिंधुदुर्गातला बागायतदार दर पडल्याची तक्रार करतो, ज्यासाठी 2024 मध्ये राज्य सरकारला किलोमागे 10 रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. मोसम दोघांचा साधारण एकच, फेब्रुवारी ते मे. वेंगुर्ल्याचा बागायतदार आणि घानाच्या उत्तरेतला बागायतदार एकाच आठवड्यात एकाच भावाची वाट बघतात, आणि एकाच्या चांगल्या पिकाने दुसऱ्याचा भाव उतरतो.

टोगोपलीकडच्या बेनिनने 2024 च्या एप्रिलपासून कच्ची बी देशाबाहेर पाठवायला बंदी केली आहे. फोडायची तर इथेच फोडा, कारखाना इथे काढा, असं त्यांचं म्हणणं आहे. परवा मावशीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग आता आपण काय फोडायचं?"